आरशाशी भांडणारा शिंजीर आणि उंबरावरचा सुस्त गरुड: दोघं गोडच खातात, मग असं का?

ओसरी
माझ्या स्कूटीचा डावा आरसा गेले नऊ दिवस एका शिंजिराच्या मालकीचा आहे. जांभळा शिंजीर, नर, ऐन विणीच्या रंगात. सावलीत काळा दिसतो आणि उन्हात आला की निळा-जांभळा पेटतो. सकाळी सव्वासातच्या सुमारास येतो, आरशाच्या दांडीवर बसतो, मान तिरकी करून आत बघतो आणि मग टक्-टक्-टक्. मध्येच पंख फडफडवत आरशासमोर तरंगतो, घसरून खाली येतो, परत वर. काचेवर ओघळच ओघळ. काल घड्याळ लावून बसले. वीस मिनिटं! मध्ये फक्त दोनदा केळफुलावर जाऊन आला.

त्याच वेळी पऱ्यापलीकडच्या उंबरावर गरुडाची जोडी होती (आमच्याकडे धनेशाला गरुडच म्हणतात). आली, वीस-पंचवीस उंबरं खाल्ली आणि पानात जी बसली ती पार मी भात लावून परत आले तरी तिथेच. मान पिसात, डोळे अर्धे मिटलेले.

सासरे म्हणाले, "गोड खाल्लं की अंगात मस्ती येते." मी म्हटलं, अहो पण उंबरही गोडच ना! एक मध पिऊन आरशाशी कुस्ती खेळतो, दुसरा उंबरं खाऊन पेन्शनर. फरक खाण्याचा, आकाराचा, की स्वभावाचा? जाणकारांनी लिहावं. स्वभाव हे उत्तर मिळालं तर सासरे जिंकतील, हेही ध्यानात असू द्या.

उसवाला
ताई, आमच्याकडे सगळा गाव गोड पिकवतो. मस्ती फक्त गळीत हंगामात येते.
धाग्याला सीट धरून बसलोय.

सड्यावरचा
गरुडाला सुस्त म्हटलेलं पाहून लिहितोय. तुम्ही त्याला चुकीच्या वेळी बघताय.

आमच्या कलमांच्या खालच्या अंगाला जुन्या आंब्याच्या ढोलीत गेली काही वर्षं कवड्या धनेशाचं घरटं आहे. मादी आत, ढोलीचं तोंड लिंपून बंद, चोच जाईल एवढीच फट. नर येतो, शेजारच्या फांदीवर बसतो, मान झटकतो आणि घशातून एक फळ चोचीच्या टोकावर आणतो. ते फटीतून आत. परत झटका, दुसरं फळ. उंबर, वड, काजऱ्याची फळंसुद्धा. काजरा म्हणजे आपण ज्याला विष म्हणून हात लावत नाही तोच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, आता हा पडणार.

गंमत पुढे आहे. आत पिल्लं निघाल्याचं मला बाहेरून कळतं ते फळांमुळे नाही, सरड्यामुळे. नर एकाएकी सरडे, मोठे किडे, एकदा तर खेकडा घेऊन आला. फळावर मोठ्यांचं भागतं, पिल्लाचं मांस फळावर चढत नाही. उंबराखाली लोळणारा हाच बाप्या तेव्हा दिवसभर सड्यावर वणवणतो.

फुलटोच्याबद्दलही लिहितो, कारण कलमांवर बांडगूळ पसरवणारा तोच. पिवळट चोचीचा, अंगठ्याएवढा. बांडगुळाचं फळ खातो आणि थोड्याच वेळात बी बाहेर येतं तेही चिकट दोरीसारखं. ढुंगण फांदीला घासून तो ते पुसतो, की लागलं नवीन बांडगूळ. दरवर्षी कोयता घेऊन माणसं चढवावी लागतात. एवढ्या घाईत निघालेल्या फळातून त्याला मिळतं तरी काय, हे कुणी सांगाल का?

प्रयोगवही
प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबेल.

आधी ओसरीताईंचं. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी इंजिन चालू असतं आणि पेट्रोल जळतं. पक्ष्याचंही तसंच. काही न करता, नुसतं जिवंत राहायला जे जळतं त्याला बीएमआर म्हणतात. मोजताना पक्षी उपाशी हवा, झोपेच्या वेळी हवा आणि हवा अशी की ना थंडीने कुडकुडणं ना उन्हाने धापा टाकणं. त्याला बंद पेटीत ठेवून तो किती ऑक्सिजन ओढतो ते बघतात.

यात पहिला मान आकाराचा. तुमचा शिंजीर दहा ग्रॅमच्या आत, गरुड किलोभर. वजन शंभरपट झालं तर खर्च शंभरपट होत नाही, ठोकळ हिशेबाने तीसपटीच्या आसपास राहतो. म्हणजे ग्रॅममागे शिंजिराचं इंजिन गरुडाच्या तिप्पट तापलेलं. दोघांना एकच खाणं दिलं असतं तरी शिंजीर अस्वस्थच दिसला असता.

दुसरा मान खाण्याचा. मकरंद म्हणजे विरघळलेली साखर, पचवायला कष्ट नाहीत. पण एका फुलात थेंबाचाही अंश, म्हणून फुलं शेकड्यांनी हिंडायची. उंबराचं उलट. झाड एकदा सापडलं की पळापळ संपली, फांदीवरून हलायचीही गरज नाही. पण त्या फळात पाणी आणि बिया फार, प्रथिनं कमी. पोट भरलं की रिकामं होईपर्यंत थांबण्याशिवाय काम नसतं. तुम्ही ज्याला पेन्शन म्हणता ती पचनाची रांग आहे.

ब्रायन मॅकनॅब हे अमेरिकन संशोधक आयुष्यभर हेच सांगत आले की खाद्य जसं, तसा इंजिनाचा न्यूट्रलचा वेगही ठरतो. २००९ साली त्यांनी ५३३ जातींचे आकडे एकत्र मांडले. त्यात वजनाच्या खालोखाल खाद्य, हवामान, अधिवास, उडता येणं-न येणं या सगळ्यांचा हात दिसतो.

आणि उष्ण कटिबंधाचं वेगळंच प्रकरण आहे. पनामातल्या ६९ जाती मोजून २००७ साली जो निबंध आला त्यात तिथल्या पक्ष्यांचा बीएमआर समशीतोष्ण प्रदेशातल्या पक्ष्यांपेक्षा सुमारे १८ टक्के कमी निघाला. अंडी कमी, आयुष्य लांब, इंजिन मंद.

सड्यावरचा, फुलटोच्याचं पोट मजेशीर आहे. त्याची पेषणी, म्हणजे दळणारं पोट, मुख्य रस्त्यावर नाही, बाजूच्या गल्लीत आहे. कोळी-किडे गल्लीत शिरतात आणि दळले जातात. बांडगुळाचं फळ गल्ली टाळून थेट आतड्यात. बीभोवतीचा गर तेवढा ओरबाडून घ्यायचा आणि बी पुढे ढकलायचं. एका फळातून थोडंच मिळतं, पण पुढच्या फळाला जागा लगेच होते. धंदा उलाढालीवर चालतो, नफ्यावर नाही.

शंकासूर
सगळं छान, पण मला एक खटकतंय. फळं खाणाऱ्यांचा बीएमआर अमुक, किडे खाणाऱ्यांचा तमुक, असे ढीग करताना एका ढिगात सगळी एकाच घराण्यातली पाखरं येत असतील तर? फळखाऊ कबुतरं पन्नास मोजली म्हणजे पन्नास पुरावे झाले का? आजोबा एक, नातवंडं पन्नास. आजोबांचं इंजिन मंद होतं एवढंच सिद्ध झालं.

आणि पनामाचा पक्षी मंद तो फळं खाऊन, की पनामात राहून? तिथे थंडी नाही, म्हणून भट्टी मोठी ठेवायला नको. यात खाण्याचा संबंध कुठे आला?

(प्रयोगवही, भांडत नाहीये. नावच तसं घेतलंय, शिमग्यात काळं तोंड करून नाचावं लागतं.)

प्रयोगवही
भांडा की, धागा त्यासाठीच आहे. घराण्याचा आक्षेप बिनतोड आहे. मॅकनॅबवर याच मुद्द्यावरून वर्षानुवर्षं टीका झाली. नातेसंबंध हिशेबात धरले की खाद्याचा वाटा बऱ्याचदा आकसतो. मी स्वतः 'खाण्याने बीएमआर ठरतो' असं वर्गात म्हणत नाही, 'खाण्याने दिवस ठरतो' असं म्हणते.

दुसऱ्या शंकेला एक फार सुंदर प्रयोग आहे आणि तो आपल्या गप्पीदासावर आहे. केनिया, आयर्लंड, ऑस्ट्रिया आणि कझाकस्तान इथल्या गप्पीदासांच्या वंशातली पाखरं जर्मनीत एकाच छपराखाली ठेवली. खाणं तेच, हवा तीच, पिंजरे तसेच. २००३ साली निकाल छापून आला. केनियावाल्यांचं इंजिन सगळ्यात मंद. केनियाचा गप्पीदास गाव सोडत नाही, कझाकस्तानचा हजारो किलोमीटर स्थलांतर करतो. आपल्या माळांवर हिवाळ्यात बोरीच्या शेंड्यावर शेपटी हलवत बसणारा गप्पीदास त्या कझाकी मंडळींच्याच गोतातला.

म्हणजे आज ताटात काय पडलं यावर तो फरक नव्हता. रक्तातच होता. इथे गुण शंकासुराला.

शंकासूर
पहिल्यांदाच कुणीतरी दिले. स्क्रीनशॉट घेऊन ठेवतो.

नैरोबीकर
ओसरीताई, तुमच्या आरशाचा हिशेब लागू शकतो. तो इथे केनियात मांडला गेलाय आणि इकडे आल्यापासून माझा तो आवडता विषय आहे.

फ्रँक गिल आणि लॅरी वुल्फ या दोघांनी १९७५ साली सोनपंखी शिंजिरावर काम छापलं. डोंगराळ भागातला पक्षी आहे हा, पंखावर नि शेपटीवर पिवळाधमक पट्टा. तो लिओनोटिसच्या फुलांवर हक्क सांगतो. लिओनोटिस म्हणजे आपल्याकडे रस्त्याकडेला उगवते त्या दीपमाळेचं घराणं. देठाभोवती एकावर एक नारिंगी गोंड्यांचे मजले.

त्यांनी पक्ष्याच्या कामांचे वेगवेगळे भाग पाडले. नुसतं बसलं तर तासाला ४०० कॅलरी. फुलं चाखत हिंडलं तर तासाला १०००. दुसऱ्या शिंजिराला हाकलत राहिलं तर ३०००. या कॅलरी बिस्किटाच्या पुड्यावरच्या नव्हेत. पुड्यावरची एक म्हणजे या हजार.

आता भांडण परवडतं कधी? समजा राखण नसलेल्या फुलांत सरासरी २ मायक्रोलिटर मकरंद मिळतो. पोट भरायला ४ तास हिंडावं लागतं. स्वतःची बाग राखली, बाकीच्यांना पिऊ दिलं नाही, तर फुलात मकरंद साठतो. तो ३ मायक्रोलिटर झाला की तेच पोट २.७ तासांत भरतं. वाचले १.३ तास. तो वेळ फांदीवर बसून काढला तर तासाला ६०० कॅलरी वाचतात, म्हणजे एकूण ७८०.

राखणीला रोजचे ०.२८ तास जात होते, सतरा मिनिटं धरा. बसून राहण्यापेक्षा भांडण्याला तासामागे २६०० जास्त. गुणाकार केला की ७२८. उरले ५२!

एवढ्या ५२ कॅलरींसाठी तो बिचारा भांडतो. आणि नफा निसटता आहे म्हणूनच तो रोज भांडत नाही. सगळीकडे फुलं भरलेली असली तर राखून फायदा नाही, कारण शेजारच्याचीही भरलेलीच. फुलांची बाग लहान-मोठी कशीही असो, राखलेल्या तुकड्यात फुलं साधारण १६०० च्या घरात असत. क्षेत्रफळ नाही, फुलं मोजून सातबारा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या आजोबांचा बांधावरचा दावा आठवला. वकिलाची फी धरली तर ५२ सुद्धा उरले नसते.

ओसरी
नैरोबीकर, साष्टांग. लगेच वही काढली. माझा शिंजीर तुमच्या सोनपंख्यापेक्षा लहान आहे, तेव्हा हे ढोबळ समजा.

वीस मिनिटं भांडण, तासाला ३०००, म्हणजे १००० कॅलरी. पुड्यावरची एक. साखरेच्या भाषेत पाव ग्रॅम, चहाच्या चमच्याचा सोळावा-विसावा भाग. ऐकायला काहीच नाही. पण मकरंदात वीस टक्के साखर धरली आणि फुलामागे एक मायक्रोलिटर, तर त्या पाव ग्रॅमला साडेअकराशेच्या वर फुलं लागतात!

आणि सोनपंख्याने भांडून निदान मकरंद वाचवला. याने आरशातल्याला हरवलं तरी एक थेंब वाचत नाही, कारण तो दुसरा पीतच नाही. शुद्ध तोटा. हे सासऱ्यांना सांगितलं. म्हणाले, "भावकीत असंच असतं."

पुणेरी_गॅलरी
मी गॅलरीत साखरपाणी ठेवते. शिंजिरापेक्षा साळुंक्याच जास्त येतात आणि नंतर गॅलरीची जी दशा होते ती लिहीत नाही, लोक जेवत असतील. साखर वाईट असते का पक्ष्यांना? मध घालू का त्याऐवजी?

प्रयोगवही
मध नको, ताई. त्यात बुरशी वाढते आणि ती पक्ष्याच्या जिभेवर-घशात बसते. साखरपाणीही ठेवलंत तर रोज भांडं घासून नवीन. खरं तर साधं पाणी आणि कुंडीत जास्वंद, एवढं पुरे.

साळुंकीच्या दशेचं कारण बहुधा रसायनात आहे. आपली साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडगोळी. ती आतड्यात फोडायला सुक्रेज नावाचं विकर लागतं. शिंजिराकडे, हमिंगबर्डकडे ते भरपूर. युरोपातली मैना आणि अमेरिकेतला रॉबिन यांच्यात ते नाही, असं तपासून दिसलंय. साळुंकी त्या युरोपी मैनेच्या कुळातली. न फुटलेली साखर आतड्यात पाणी ओढते, पुढचं तुम्ही रोज पुसताच.

मग ती पांगाऱ्यावर एवढी गर्दी का करते? पांगाऱ्याच्या जगभरात बऱ्याच जाती आहेत. अमेरिकेत हमिंगबर्ड येतात त्या जातींच्या मकरंदात सुक्रोज जास्त. साळुंकी-बुलबुलांसारखे बसून पिणारे पक्षी येतात त्या जातींत मुख्यतः ग्लुकोज-फ्रुक्टोज, म्हणजे आधीच फोडलेली साखर. झाडाने गिऱ्हाईक बघून माल ठेवलाय.

उसवाला
साखरेचा विषय निघाला म्हणून तोंड उघडतो. हमिंगबर्ड ताजी प्यायलेली साखर लगेच जाळतो की साठवलेली, हे शोधायला अमेरिकेत त्यांना आधी बीटाची साखर पाजली, मग उसाची. ऊस हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने धरतो, म्हणून त्याच्या साखरेत जड कार्बनचं प्रमाण बीटापेक्षा जास्त. पक्षी तरंगत पीत असताना त्याचा उच्छ्वास पकडला. थोड्याच वेळात श्वासात उसाची खूण आली! उडायला लागणारी जवळपास सगळी शक्ती नुकत्याच प्यायलेल्या साखरेतून. माणूस पळताना कितीही ग्लुकोज प्यायला तरी त्याला हे जमत नाही, थोडासाच वाटा ताज्या साखरेचा, बाकी साठ्यातलं.

टनाला भाव सोडून उसाची कुणी कुठे दखल घेतली, याचा आनंद झाला.

शंकासूर
मग रात्री काय करतो तो? साठा जेमतेम, पिणं बंद.

प्रयोगवही
इंजिनच बंद करतो. पेरूच्या अँडीजमधल्या काळ्या मेटलटेल हमिंगबर्डचं शरीर रात्री साधारण ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद २०२० सालची आहे. हातात घेतलं तर मेलाय वाटेल. पहाटे थरथरून परत पेटतो.

आणि सगळेच उष्णदेशी असे भडक नसतात. दक्षिण अमेरिकेतला होअॅटझिन चक्क पाला खातो. गायीच्या पोटात जे जंतू करतात ते याच्या अन्नाच्या थैलीत चालतं, आंबवण. थैली एवढी मोठी की छातीच्या हाडावर उड्डाणाच्या स्नायूंना जागा कमी पडते. म्हणून उडतो वाईट, बसतो फार. शेणासारखा वासही येतो म्हणतात.

पण माझा लाडका तेलपक्षी. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट १७९९ साली व्हेनेझुएलातल्या कारिपेच्या गुहेत गेला, तिथे त्याने हा पाहिला. रात्री बाहेर पडून पाम आणि लॉरेल कुळातली तेलकट फळं खातो आणि पिल्लांनाही तीच. सड्यावरचांच्या गरुडासारखा सरडा नाही, खेकडा नाही. परिणाम असा की पिल्लाला शक्ती उदंड, पण मांस बांधायला प्रथिनं तोकडी. ते वाढतं अगदी हळू, घरट्यात तीन-चार महिने, आणि दरम्यान चरबीने एवढं फुगतं की आईबापाच्या दीडपट. तिथले लोक पिल्लं उतरवून, वितळवून तेल काढत. नाव त्यावरूनच पडलं.

सड्यावरचा
दीडपट! म्हणजे आजोळी सुट्टीत राहिलेला नातू.
हरियलचं राहिलं. तोही उंबर-वडावरच, पण किडे आणताना कधी बघितलं नाही. त्याचं पिल्लू कसं वाढतं मग?

प्रयोगवही
कबुतराच्या जातीला सवलत आहे. नर-मादी दोघंही थैलीत दुधासारखा चीक तयार करून पिल्लाला पाजतात, प्रथिनं त्यातून. शिवाय हरियल उंबराच्या बिया पेषणीत दळून टाकतो. धनेश बी अख्खं टाकतो आणि झाड लावतो, हा राज्यपक्षी मात्र पीठ करून खातो. वनखात्याच्या पोस्टरवर हे लिहीत नाहीत.

ओसरी
ताजी खबर. परवा संध्याकाळी दोन्ही आरशांना दुधाच्या पिशव्या धुऊन, उलट्या करून बांधल्या. काल सव्वासातला साहेब आले. दांडीवर बसले. पिशवीला एकदा चोच लावली, उजवीकडून बघितलं, मग खाली उतरून मागच्या बाजूनेही बघितलं. शत्रू गायब. पाच मिनिटं नुसते बसून होते, म्हणजे नैरोबीकरांच्या हिशेबाने ३३ कॅलरीत काम भागलं. मग केळफुलावर गेले ते तिथेच.

आज सकाळी मात्र आवाज शेजारून आला. टक्-टक्-टक्. त्यांनी गेल्याच महिन्यात नवी गाडी घेतलीय, आरसे मोठे आहेत. वहिनी विचारत होत्या की तुमच्याकडे येणारा पक्षी तोच का हा. मी म्हटलं, असे पुष्कळ असतात.